नायकानं सती का जावं?

लॉकडाऊनच्या वर्षाची अखेर होती. हिंजवडीची ऑफिसं बंद होती आणि आम्ही सगळे घरून काम करत होतो. रात्री साडेअकराला टीममधल्या एका मित्राचा फोन आला. या वेळी फोन म्हणजे सर्व्हर झोपला असणार, असं समजून मी लॅपटॉप उघडायला लागलो. पलीकडून तो म्हणाला, "अरे, रीचर एवढा बोलत नाही!" घरातलं पोरगं वाया गेल्याची बातमी द्यावी, तसा त्याचा आवाज होता.

तो 'द सेंटिनल' वाचत होता. जॅक रीचर मालिकेतलं हे पंचविसावं पुस्तक, ऑक्टोबर २०२० मध्ये आलेलं. ज्यांनी ही मालिका वाचलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. रीचर म्हणजे अमेरिकी लष्करी पोलिसातला माजी मेजर. घर नाही, गाडी नाही, सामान म्हणजे खिशात घडीचा टूथब्रश. गावात बसमधून उतरतो, अन्याय दिसतो, हाडं मोडतो, निघून जातो. लेखक ली चाइल्ड. हे टोपणनाव, खरं नाव जेम्स ग्रँट. ब्रिटनमधल्या ग्रॅनडा टेलिव्हिजनमधली नोकरी १९९५ मध्ये गेली, तेव्हा या माणसानं लिहायला घेतलं. १९९७ मध्ये 'किलिंग फ्लोअर' आलं आणि पुढे साधारण वर्षाला एक पुस्तक येत गेलं. जानेवारी २०२० मध्ये त्यानं जाहीर केलं की आता मालिका धाकटा भाऊ अँड्रू ग्रँट याच्याकडे सोपवतोय. अँड्रू स्वतः थ्रिलर लिहिणारा. त्यानं या मालिकेसाठी 'चाइल्ड' हे आडनाव घेतलं आणि 'द सेंटिनल'च्या कव्हरवर दोघांची नावं आली.

गंमत म्हणजे या पुस्तकात रीचर ज्याला वाचवतो तो एक आयटी मॅनेजर आहे. टेनेसीतल्या एका छोट्या गावाचा सगळा डेटा रॅन्समवेअरनं कुलूपबंद झालाय, खापर या बिचाऱ्यावर फुटलंय आणि नोकरी गेलीय. आमच्या धंद्यातल्या माणसाला याहून अधिक काय हवं? पण मित्र खूश नव्हता. जगभरचे रीचरवाचकही दोन तट करून भांडत होते. एक तट म्हणत होता, ही फसवणूक आहे. दुसरा म्हणत होता, चालतंय, वाचा. पहिल्या तटाचं मागणं एकच होतं: लेखक थांबला तर मालिका थांबवा. नायकाला दुसऱ्याचा हात लावू नका.

हा सगळा तमाशा मी नवी सांगवीतल्या आमच्या दोन खोल्यांत बसून ऐकत होतो आणि मला खरं सांगायचं तर हेवा वाटत होता. लेखक बदलला म्हणून रात्री साडेअकराला कुणाला तरी फोन करावासा वाटणं ही चैन आहे. मराठी वाचकाला ती कधी मिळालीच नाही. आपल्याकडे लेखक गेला की त्याच्या नायकानं मुकाट्यानं त्याच्याबरोबर सरणावर चढायचं, अशी रीत आहे. वर या सतीप्रथेला आपण निष्ठा म्हणतो. मला तिच्याविरुद्ध बोलायचंय.

माझे बाबा नगर जिल्ह्यातून आयटीआय करून १९८० च्या सुमाराला भोसरी एमआयडीसीत लागले. सेकंड शिफ्ट सुटल्यावर कंपनीच्या बसमध्ये झोपायचं नसेल तर वाचायचं, असा त्यांच्या बॅचचा शिरस्ता होता. वाचायचे काय? गुरुनाथ नाईक. सुहास शिरवळकर. आणि त्यांच्याही आधीचे, फाटून चिकटवलेले बाबूराव अर्नाळकर. एक पुस्तक डब्याच्या पिशवीतून सात-आठ जणांकडे फिरायचं आणि मालकाकडे परत येईपर्यंत त्याची शेवटची दोन पानं हमखास गळालेली असायची. गुन्हेगार कोण, हे मग ज्यानं आधी वाचलंय त्याच्या मशीनवर जाऊन विचारायचं.

या तीन नावांचा आवाका नव्या वाचकाला माहीत नसतो, म्हणून सांगतो. अर्नाळकरांची नोंद गिनेस बुकात झाली ती १९३६ ते १९८४ या काळातल्या १०९२ रहस्यकथांसाठी. झुंजार, काळापहाड, धनंजय आणि त्याचा छोटू ही त्यांची माणसं. गुरुनाथ नाईकांच्या कादंबऱ्या बाराशेच्या घरात जातात. कॅप्टन दीप, मेजर अविनाश भोसले, उदयसिंह राठोड ही त्यांची फौज. शिरवळकरांनी 'दुनियादारी'च्या आधी आणि नंतरही दारा बुलंद, मंदार पटवर्धन, फिरोज इराणी, बॅरिस्टर अमर विश्वास यांना नांदवलं. अर्नाळकर १९९६ मध्ये गेले, शिरवळकर २००३ मध्ये, नाईक नोव्हेंबर २०२२ मध्ये. आणि त्यांच्यासोबत हे सगळे लोकही गेले. एकालाही दुसरं घर मिळालं नाही.

माझ्या लहानपणी जुन्या सांगवीत एक खासगी वाचनालय होतं. एका गाळ्यात तीन रॅक आणि पुठ्ठ्यावर चिकटवलेली वहीची पानं. मी सातवीत असताना ते बंद झालं. मालकानं पुस्तकं रद्दीवाल्याला घातली. बाबा सायकलवरून जाऊन त्यातली अकरा घेऊन आले, वजनावर. आज आमच्या कपाटात रहस्यकथांचा जो काही वारसा आहे तो अडीच किलोचा आहे. निवडक अर्नाळकर मध्ये पुन्हा छापले गेले, शिरवळकरांच्या कादंबऱ्या मिळतात, हे खरं. पण हजार-बाराशेच्या हिशेबात ते किती? नायकाला परक्याचा हात लागू नये म्हणून जपलं म्हणतात, ते जपणं हे असं.

आता विरोधी बाजू नीट ऐकतो, कारण ती अगदीच पोकळ नाही.

पहिला आक्षेप: शैली हीच मालिका. रीचरची छोटी, कोरडी वाक्यं काढून घेतली तर उरतो तो सहा फूट पाच इंचाचा कुणीही गडी. हे मला मान्य आहे. 'द सेंटिनल' मीही वाचलं, आणि मित्र बरोबर बोलत होता. रीचर जास्त बोलतो. पण त्या वाक्याकडे जरा थांबून बघा. "रीचर एवढा बोलत नाही." हे कुणाच्या अधिकारात म्हटलं? पुस्तकात तर तो बोललाय. कव्हरवर खुद्द ली चाइल्डचं नाव आहे. तरी माझा मित्र, ज्यानं आयुष्यात चार ओळींची मेल सोडून काही लिहिलेलं नाही, लेखकाला ठणकावून सांगतो की तुमचंच पात्र असं वागत नाही. याचा अर्थ सरळ आहे. पात्र लेखकाच्या खिशातून कधीच बाहेर पडलंय आणि वाचकाकडे राहायला आलंय. लेखकापाशीच ते असतं तर लेखक म्हणेल ते प्रमाण मानावं लागलं असतं. नव्या लेखकावरचा वाचकाचा राग मालिका बंद करण्याच्या बाजूनं पुरावा म्हणून मांडला जातो. मला तो नेमका उलट्या बाजूचा पुरावा वाटतो. ज्या पात्राबद्दल कुणी "हा असा नाही" म्हणू शकतं, ते पात्र लेखकाशिवाय जगू शकतं.

माझ्या कामात हे रोज दिसतं. मी ज्या प्रणालीवर काम करतो तिच्या एका फाइलीत माझ्याआधी चार जणांचे हात लागलेत. त्यातला एकही आता कंपनीत नाही. मी काही बदललं की वापरणारा माणूस पहिल्यांदा म्हणतो, "आधी असं नव्हतं." पूर्वी मला त्याचा संताप यायचा. आता कळतं, की मूळ माणूस गेल्यावर ही गोष्ट काय करण्यासाठी होती, हे ठाऊक असलेला तोच एकटा उरलाय. तो कुरकुरतोय तोवर प्रणाली जिवंत आहे. त्यानं कुरकुर थांबवली, की समजावं, त्यानं वापरणंच सोडलं.

दुसरा आक्षेप: हे पैशासाठी चाललंय. अर्थात! पण मूळ तरी कशासाठी चाललं होतं? नोकरी गेलेल्या माणसानं घर चालवायला रीचर जन्माला घातला. आपले रहस्यकथाकार महिन्याला ठरलेली पुस्तकं प्रकाशकाच्या दारात टाकत होते ते मोक्षासाठी नव्हे. पोटासाठी लिहिलेलं पहिल्याच्या हातून पवित्र आणि दुसऱ्याच्या हातून बाटलेलं, हा कुठला न्याय? बरं, पहिला हात तरी पहिला असतो का? अर्नाळकरांनी इंग्रजी रहस्यकथांचा आधार मोकळेपणानं घेतला, हे गुपित नाही. आणि ज्या इंग्रजी परंपरेतून हा माल येत होता, तिथला सेक्स्टन ब्लेक हा गुप्तहेर १८९३ मध्ये हॅरी ब्लाइदनं लिहिला आणि पुढे सुमारे दोनशे लेखकांनी चालवला. म्हणजे उसन्या रक्तातून आपले नायक उभे राहिले तेव्हा आपण टाळ्या वाजवल्या, आणि त्यांनी पुढच्याला रक्त द्यायची वेळ आली तेव्हा सोवळं नेसलं.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार: दम असेल तर नवा नायक घडवा, दुसऱ्याच्या जिवावर कशाला? यावर माझं उत्तर असं, की नवा नायक घडवायला जी तालीम लागते ती कुठंतरी मिळावी लागते. मायकेल मूरकॉक हा पुढे इंग्रजी अद्भुतकथेतला मोठा लेखक झाला. विशीत तो सेक्स्टन ब्लेकच्या मालिकेचं संपादकीय काम करत होता आणि त्यातल्या लिखाणालाही त्याचा हात लागला होता. चालू घरात राहून, ठरलेल्या नायकाच्या चौकटीत, ठरलेल्या तारखेला, खडूस वाचकांपुढे लिहिणं ही उमेदवारी आहे. टर्नरला आधी दुसऱ्याच्या ड्रॉइंगवर जॉब काढावा लागतो, हे आमच्या पिंपरी-चिंचवडमध्ये कुणालाही समजावून सांगायला लागत नाही. आपण ती मशीनच बंद करून ठेवली. पुण्याच्या कुठल्याही मोठ्या पुस्तकदुकानात जा आणि माझ्या वयाच्या लेखकाची चालू मराठी थ्रिलर मालिका मागून बघा. तुमच्यापुढे अनुवाद येतील, श्रीमंत कसं व्हावं ते येईल, सवयी कशा बदलाव्यात ते येईल.

आणि परका हात लागला म्हणून मूळ मरतं, हे तरी खरं का? मी सोळा वर्षांचा होतो तेव्हा, २०१३ मध्ये, 'दुनियादारी' सिनेमा आला. त्यात कादंबरीची बरीच मोडतोड होती, असं बाबांनी घरी येईपर्यंत तीनदा ऐकवलं. मग मला पुस्तक आणून दिलं. सुहास शिरवळकर या लेखकापर्यंत मी पोचलो तो त्या मोडतोडीच्या वाटेनं. भा. रा. भागवत २००१ मध्ये गेले. त्यांचा फुरसुंगीचा फास्टर फेणे २०१७ मध्ये अमेय वाघच्या रूपात मोठा होऊन पडद्यावर आला. भागवतांच्या पुस्तकांना त्यानं काय धक्का लागला? रंगभूमीवर तर आपण हे कधीच पचवलंय. १९७० मध्ये 'नटसम्राट' आलं तेव्हा बेलवलकर म्हणजे श्रीराम लागू. पुढे दत्ता भट, सतीश दुभाषी, यशवंत दत्त यांनी ते वस्त्र अंगावर घेतलं. "लागूंची सर नाही" म्हणणारे लोकच तिकीट काढून दुसऱ्या-तिसऱ्या नटसम्राटाला बघून आले आणि मग आयुष्यभर तुलना करत बसले. तिथे शब्द तेच राहतात, इथे शब्दच बदलतात, हा फरक मोठा आहे, मान्य. पण प्रेक्षक म्हणून जी तुलना आपण चवीनं करतो, ती वाचक म्हणून करायला आपल्याला कोणी दिलीच नाही.

माझा राग कुठे आहे, तेही सांगतो, नाहीतर मी सरसकट सगळ्या वारसदारांची वकिली करतोय असं वाटेल. माझा राग नाव लपवणाऱ्यांवर आहे. उर्दूतले इब्ने सफी १९६० ते १९६३ अशी तीन वर्षं आजारपणामुळे लिहीत नव्हते. त्या काळात त्यांच्या इम्रानला, फरीदी-हमीदला घेऊन भलत्यांनी पुस्तकं काढली, आणि कव्हरवरची नावं अशी, की घाईत वाचणाऱ्याला सफीच वाटावेत. मग 'डेढ मतवाले' घेऊन खरे सफी परतले आणि वाचकांनी उचलून धरले. रॉबर्ट लडलम २००१ मध्ये गेला. बॉर्नची पुढची पुस्तकं २००४ पासून एरिक व्हॅन लस्टबेडरनं लिहिली, पण कव्हरवर लडलमचं नाव मिरवत राहिलं. स्टीग लार्सन २००४ मध्ये मृत्युपत्र न करता गेला. हक्क वडील आणि भावाकडे गेले, इतक्या वर्षांची जोडीदार एव्हा गॅब्रिएल्सन हिला कायद्यानं काहीच मिळालं नाही, आणि २०१५ मध्ये डेव्हिड लागरक्रान्त्झनं मालिका पुढे नेली तेव्हा तिनं जाहीर विरोध केला. या तिन्ही ठिकाणी वाचक चिडले तर ते बरोबरच आहे. वाचकाचा पहिला हक्क म्हणजे कोण बोलतंय हे कळणं. त्या हिशेबात चाइल्ड बंधूंचा व्यवहार मला स्वच्छ वाटतो. थोरल्यानं धडधाकट असताना, स्वतःच्या मर्जीनं, सांगूनसवरून किल्ल्या दिल्या. आडनाव बदलण्याचा भाग मला आवडला नाही. पण रीचरला शेवटच्या पुस्तकात मारून टाकण्याचा विचार जो लेखक कधीकाळी करत होता, त्यानं वाचकांसाठी तो बेत सोडला, याला मी मोठेपणा म्हणतो.

आपल्याकडे मात्र मालक जिवंतपणी किल्ल्या देत नाहीत, मागून कुणी मागत नाही, आणि मग दार कायदाच बंद करतो. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं कॉपीराइट राहतो. अर्नाळकरांचं लेखन १ जानेवारी २०५७ ला मोकळं होईल. तेव्हा मी साठीचा असेन. शिरवळकरांचं २०६४ मध्ये, आणि नाईकांचं २०८३ मध्ये. कायदा वाईट आहे असं मी म्हणत नाही. लेखकाच्या घरच्यांना मिळायचं ते मिळालंच पाहिजे. पण तोवर 'झुंजार' हे नाव ऐकून कान टवकारणारा एक तरी माणूस उरेल का? तेव्हा मोकळ्या झालेल्या नायकाला घ्यायला कोण येईल?

बाबा आता निवृत्त आहेत. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर काही आठवडे वाचायचं नव्हतं, तेव्हा मी त्यांना कपाटातली नाईकांची एक कादंबरी वाचून दाखवली. तिची शेवटची पानं नव्हतीच. बाबांना शेवट आठवेना. दोन दिवस ते पीडब्ल्यूडी मैदानाला चक्कर मारून यायचे आणि म्हणायचे, "त्याचं पुढे काय झालं रे?" शेवटी एका शनिवारी मी तीन पानं लिहिली आणि कुणाची ते न सांगता वाचली.

त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "हे तुझं आहे."

"कशावरून?"

"दीप असं समजावत बसत नाही. आधी हात चालतो त्याचा. तू ऑफिसच्या मीटिंगसारखं लिहिलंयस."

मी कागद घडी करायला लागलो, तर म्हणाले, "फाडू नकोस. ते गोदामातलं नीट कर आणि परत वाच."

ती पानं मी पाच वेळा नीट केली. पाचव्या वेळीही पास झालो नाही. पण बाबांनी इतक्या वर्षांत या पुस्तकांबद्दल माझ्याशी जेवढं बोललं नसेल तेवढं त्या दोन आठवड्यांत बोलले: कॅप्टन दीप कसा उभा राहतो, काय कधीच करणार नाही, कुठल्या वेळी हसतो. सगळं त्यांच्या डोक्यात शाबूत होतं. लेखक गेल्याला तोवर दोन वर्षं होऊन गेली होती. मग नायक कुठे गेला होता? सांगवीत, आमच्या पुढच्या खोलीत, प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून माझ्या चुका काढत होता.

ती पानं मी छापणार नाही. तो माझा हक्क नाही आणि ती छापण्यालायकही नाहीत. पण ज्यांचा हक्क आहे त्यांना माझं सांगणं आहे. आधी जुनं छापा, सगळं नाही तर निदान निवडक तरी, कारण वाडवडील माहीत नसताना वारस काय कामाचा? मग एखादा नायक, एखाद्या तरुण मुलीच्या नाहीतर मुलाच्या हाती, करार करून, पैसे ठरवून, तीन पुस्तकांसाठी द्या. कव्हरवर नव्या लेखकाचं नाव जुन्याइतक्याच मोठ्या टायपात येऊ द्या. फसलं तर फसेल. झुंजारनं याहून मोठी संकटं पाहिलीत.

आणि वाचकांनी काय करावं? मनसोक्त शिव्या द्याव्यात. रात्री साडेअकराला मित्राला फोन करून "झुंजार असं बोलत नाही" म्हणून ओरडावं. फक्त पुस्तक हातात घेऊन ओरडावं.